कर्जाबरोबर आलेला विमा : परतावा मागितल्याशिवाय मिळत नाही



टोकियोत काही वर्षे काढलेल्या प्रत्येकाने लोकलमध्ये ती जाहिरात पाहिलेली असते. हसतमुख वकील, मोठा टेलिफोन नंबर आणि चार ठळक अक्षरे : 'काबाराइकिन'. सुरुवातीला आम्हाला ही नव्या कर्जाची जाहिरात वाटली होती. नंतर कळले की प्रकार बरोबर उलटा आहे. ज्यांनी कर्जावर कायद्यापेक्षा जास्त व्याज भरले, त्यांना ते परत मिळवून देणाऱ्यांची ही जाहिरात. आपला काय संबंध म्हणून आम्ही पुन्हा मोबाइलमध्ये डोके घातले.

संबंध २०२२ साली आला. आम्ही इथे घर घ्यायचे ठरवले आणि बँकेत कर्जाच्या कागदपत्रांसाठी बसलो. त्यातला एक कागद विम्याचा होता. बँकेतल्या बाईंनी तो ओळ न् ओळ वाचून दाखवला. प्रकृतीच्या प्रत्येक प्रश्नावर त्या थांबत होत्या. कंटाळा येईल इतक्या थांबत होत्या. घरी येताना आमच्यात विषय निघाला, "पुण्याच्या फ्लॅटच्या कर्जाला विमा आहे का ग?" रात्री जेवणे झाल्यावर २०१९ सालची फाइल काढली.

विमा होता. एकरकमी हप्ता १ लाख ६० हजार रुपये. तो आम्ही खिशातून दिलेला नव्हता, कर्जाच्या मुद्दलातच मिळवलेला होता. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांत त्याचे सुमारे ३ लाख ४५ हजार होतात, हे एक्सेलने दोन मिनिटांत सांगितले. कर्ज वीस वर्षांचे आणि विमा फक्त पाच वर्षांचा. कर्ज दोघांच्या नावावर, अर्धा हप्ता दोघे भरतो, पण विमा एकाच्याच नावावर. प्रकृतीच्या प्रश्नांपुढे 'नाही' अशा खुणा होत्या, त्या आमच्या हातच्या नव्हत्या. खालची सही मात्र आमचीच. सुट्टीतल्या चार दिवसांत, जिथे पेन्सिलीने फुली होती तिथे तिथे केलेली. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, फिनिश' करतो, अगदी तसे.

बँकेचे आणि विमा कंपनीचे नाव इथे देत नाही. ही गोष्ट त्या एका बँकेपुरती नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मुंबईत बँकांच्याच व्यासपीठावर सांगितले होते की चुकीच्या पद्धतीने विमा गळ्यात मारल्यामुळे ग्राहकाचे कर्ज आडमार्गाने महाग होते.

आम्ही लेखी तक्रार केली. उत्तर तीन ओळींचे आले. त्याचा गाभा एवढाच : आपण स्वतः सही केली आहे आणि पॉलिसी परत करण्याची मुदत संपली आहे.

'आपण स्वतः सही केली आहे' हे वाक्य मनात घोळत राहिले. मग ज्या जाहिरातीकडे इतकी वर्षे दुर्लक्ष केले होते, तिच्यामागची कथा वाचायला घेतली. जपानमध्ये लाखो कर्जदारांना हेच वाक्य ऐकवले जात होते आणि ते न्यायालयात टिकले नाही.

जपानमध्ये काय घडले

इथे व्याजावर दोन कायदे होते. व्याजमर्यादा कायद्याप्रमाणे १ लाख येनपेक्षा कमी मुद्दलावर २० टक्के, १ लाख ते १० लाखांच्या आत १८ टक्के आणि १० लाख व त्यापुढे १५ टक्के ही मर्यादा. ती मोडली तर जादा व्याज रद्द, पण शिक्षा नाही. शिक्षा होती दुसऱ्या कायद्यात आणि त्याची मर्यादा २००० सालापासून २९.२ टक्के होती. मधल्या पट्ट्याला 'ग्रे झोन' म्हणत. ग्राहक-कर्ज देणाऱ्या कंपन्या याच पट्ट्यात धंदा करत. ५ लाख येनच्या कर्जावर १८ ऐवजी २९.२ टक्के म्हणजे वर्षाला ५६ हजार येन जास्त.

कंपन्यांचा आधार होता एक पळवाट : कर्जदाराने जादा व्याज 'स्वखुशीने' भरले आणि कागदपत्रे ठरलेल्या नमुन्यात असली, तर ते वैध. १३ जानेवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही वाट जवळजवळ बंद केली. करारात अट अशी असे की एक हप्ता चुकला तर सगळे कर्ज ताबडतोब फेडावे लागेल. न्यायालय म्हणाले, अशी अट डोक्यावर असताना माणूस जे जादा व्याज भरतो त्याला, काही खास कारण नसेल तर, स्वखुशी म्हणता येणार नाही.

म्हणजे सही असणे वेगळे आणि स्वखुशी असणे वेगळे. आम्हाला हवा तो मुद्दा सापडला.

याच २००६ सालात दुसरी गोष्ट बाहेर आली आणि ती थेट विम्याची आहे. या कंपन्या कर्जदारांचे आयुर्विमे उतरवत होत्या. कर्जदार मेला की थकलेली रक्कम विमा कंपनीकडून कर्ज देणाऱ्या कंपनीला मिळे. आत्महत्या केली तरी मिळे. कर्जाच्या अर्जातल्या बारीक अक्षरांत संमती घेतलेली असे, त्यामुळे आपल्या नावावर असा विमा आहे हे बऱ्याच कर्जदारांना ठाऊकच नसे. अशा हजारो आत्महत्यांवर विम्याचे पैसे घेतले गेले, हे सरकारी तपासणीतून पुढे आले तेव्हा देश हादरला. वसुलीचा तगादा लावणारा आणि मरणानंतर पैसे घेणारा एकच!

यात आणखी एक गोम होती. व्याजमर्यादेने हिशोब पुन्हा मांडला तर त्यातल्या काहींचे कर्ज कधीच फिटलेले असणार. उलट कंपनीनेच त्यांचे देणे लागावे अशी स्थिती. पण माणूस गेल्यावर विमा 'शिल्लक कर्ज' भरून टाकतो, खाते बंद होते आणि घरच्यांना हिशोब विचारायचे सुचतही नाही.

डिसेंबर २००६ मध्ये कर्जव्यवसायाचा कायदा बदलला. आत्महत्येवर कर्ज कंपनीला पैसे देणारा असा विमा करायला बंदी आली. जून २०१० पासून कायदा पूर्ण लागू झाला, ग्रे झोन संपला आणि अशा कंपन्यांकडून एकूण कर्ज वार्षिक उत्पन्नाच्या एक तृतीयांशापर्यंतच, असा नियम झाला. उत्सुनोमिया केन्जी यांच्यासारख्या वकिलांनी त्यासाठी अनेक वर्षे खपून काम केले होते. ते पुढे जपानच्या वकील महासंघाचे अध्यक्ष झाले.

मागणाऱ्याला मिळाले, थांबणाऱ्याचे गेले

निकाल लागला म्हणून कुणाच्या खात्यात आपोआप पैसे आले नाहीत. प्रत्येकाला कंपनीकडून आपल्या व्यवहारांची यादी मागवावी लागली, हिशोब करावा लागला, पत्र पाठवावे लागले, नाहीतर दावा लावावा लागला. लोकलमधल्या जाहिराती त्यातूनच आल्या. ज्यांनी लवकर मागितले त्यांना चांगली रक्कम मिळाली.

ताकेफुजी ही एकेकाळची सर्वांत मोठी ग्राहक-कर्ज कंपनी. परताव्याच्या ओझ्याखाली तिने २८ सप्टेंबर २०१० रोजी न्यायालयाकडे संरक्षण मागितले. त्यानंतर सुमारे ९ लाख लोकांनी दावे दाखल केले आणि पहिल्या वाटपात त्यांना रकमेच्या फक्त ३.३ टक्के मिळाले. १ लाख येन यायचे होते त्याला ३ हजार ३०० येन!

मुदतीचेही तसेच. शेवटच्या व्यवहारापासून दहा वर्षांनी हक्क संपतो आणि २०२० च्या एप्रिलपासून नव्या नागरी कायद्याने, हक्क असल्याचे कळल्यापासून पाच वर्षांची दुसरी मर्यादाही घातली. परतावा मिळवून देणारे सगळेच धुतल्या तांदळासारखे निघाले नाहीत हेही सांगायला हवे. २०२० साली टोकियोतले एक मोठे वकील कार्यालय दिवाळखोरीत गेले आणि कंपन्यांकडून आलेले ग्राहकांचे पैसे त्यात अडकले.

ब्रिटनमधल्या आपल्या मंडळींना ही कथा ओळखीची वाटेल. तिथे कर्ज आणि क्रेडिट कार्डाबरोबर 'पीपीआय' नावाचा विमा वर्षानुवर्षे खपवला गेला. स्वतंत्र धंदा करणाऱ्यांना, निवृत्तांना, म्हणजे ज्यांना तो पुरता लागूच होणार नव्हता त्यांनाही. बँका २०११ च्या एप्रिलमध्ये न्यायालयात हरल्या आणि एकूण परतावा ३८ अब्ज पौंडांवर गेला. पण तिथेही अर्ज करावा लागला आणि २९ ऑगस्ट २०१९ ला दार बंद झाले.

पोस्टावरचा विश्वास

'हे सावकारी कंपन्यांचे झाले, नावाजलेल्या संस्था असे करत नाहीत' असे कुणाला वाटेल. आम्हालाही वाटले होते. पण २०१९ साली जपान पोस्टच्या विमा कंपनीचे, म्हणजे 'काम्पो'चे प्रकरण निघाले. इथल्या म्हाताऱ्या माणसांचा पोस्टावर किती विश्वास असतो हे आपण पाहतोच. पोस्टातले विक्रेते विक्रीचा आकडा गाठण्यासाठी जुनी पॉलिसी मोडून नवी घ्यायला लावत. काहींना सहा महिने दोन्हींचे हप्ते भरायला लावले. काहींची जुनी पॉलिसी आधी मोडली आणि नवी प्रकृतीमुळे नाकारली गेली, म्हणजे उतारवयात विमाच गेला. पाच वर्षांतल्या सुमारे १ लाख ८३ हजार करारांवर संशय होता.

२७ डिसेंबर २०१९ रोजी तीन महिने विमाविक्री बंद ठेवण्याचा आदेश झाला आणि समूहातल्या तिन्ही कंपन्यांच्या अध्यक्षांनी पद सोडण्याचे जाहीर केले. इथे फरक असा की सरकारने कान पिळल्यामुळे कंपनीला स्वतः ग्राहकांशी संपर्क साधावा लागला. जुनी पॉलिसी पूर्ववत करणे, जादा हप्ते परत देणे असे उपाय झाले. पण त्या पत्राला उत्तर देणे, काय घडले ते सांगणे, हे काम ग्राहकाचेच होते.

आता आपल्या घराकडे

आपल्यातली बरीच कुटुंबे आता इथे घर घेत आहेत. बँकेच्या गृहकर्जाबरोबर 'दानशिन' म्हणजे सामूहिक कर्जविमा जवळजवळ नेहमीच सक्तीचा असतो. त्याचा खर्च सहसा व्याजदरातच असतो. कर्जदार गेला किंवा त्याला गंभीर अपंगत्व आले तर कर्ज फिटते आणि घर कुटुंबाकडे राहते. ही चांगली सोय आहे. आमचा रोख विम्यावर नाही. विमा न समजता घेण्यावर आहे. तपासायच्या जागा आम्हाला चार दिसतात.

पहिली, 'कोकुची' म्हणजे प्रकृतीचे निवेदन. साधारण गेल्या तीन वर्षांतले आजार विचारतात. आपल्याकडे सुट्टीत पुण्या-नागपूरच्या डॉक्टरांना दाखवून रक्तदाबाच्या गोळ्या आणायची पद्धत आहे. 'जपानमध्ये नोंद नाही, मग कशाला लिहा' हा विचार घातक. विमा नाकारला जाण्याची वेळ येईल तेव्हा आपण नसू. जपानी वाचता येत नसलेली जोडीदार कागद घेऊन उभी असेल. एजंट 'इथे सगळे नाहीच लिहितात' म्हणाला तर तिथेच थांबा. प्रकृतीमुळे अडले तर थोडा जास्त दर घेणारे, अटी सैल असलेले विमे आहेत आणि 'फ्लॅट ३५' कर्जात हा विमा ऐच्छिक आहे.

दुसरी, विमा कुणाच्या नावावर. नवराबायको दोघांनी वेगवेगळे कर्ज घेतले, ज्याला इथे 'पेअर लोन' म्हणतात, तर प्रत्येकाचा विमा सहसा आपापल्या वाट्यापुरता. एक कर्जदार आणि दुसरा जामीनदार असेल तर विमा सहसा एकाचाच. दोघांच्या पगारावर हप्ता चालत असेल तर याचा अर्थ काय, ते आधी बोलून घ्या.

तिसरी, 'होशोर्यो' म्हणजे हमी-शुल्क. पुष्कळांना तो विमा वाटतो. तो आपला विमा नव्हे. हप्ते थकले तर हमी कंपनी बँकेचे पैसे भरते आणि मग तीच कंपनी आपल्याकडून वसूल करते. हे शुल्क एकरकमी भरले असेल आणि कर्ज लवकर फेडले तर काही भाग परत मिळू शकतो.

चौथी, आगीचा विमा. पूर्वी तो कर्जाच्या पूर्ण मुदतीचा, ३६ वर्षांपर्यंतचा, एकदम काढता येई. २०१५ च्या ऑक्टोबरपासून कमाल १० वर्षे आणि २०२२ च्या ऑक्टोबरपासून ५ वर्षे झाली. घर विकून मायदेशी परतणाऱ्यांनी तो विमा रद्द केला तर उरलेल्या काळाचा हप्ता परत मिळतो. पण 'आम्ही घर विकले' हे विमा कंपनीला आपणच कळवायचे असते. सामान आवरण्याच्या गडबडीत हे राहून जाते.

दाद कुठे मागायची

जपानमध्ये स्वतः घेतलेल्या विम्याला साधारणपणे आठ दिवसांत माघार घेता येते. कर्जाच्या तारणासाठीच्या विम्याला मात्र ही सोय सहसा लागू नसते, म्हणून सहीआधीच विचारणे महत्त्वाचे. खोटे सांगून करार करवला असेल तर ग्राहक करार कायद्याने तो रद्द करता येतो. हे लक्षात आल्यापासून एक वर्ष आणि करारापासून पाच वर्षे, यातली आधी संपेल ती मुदत. पहिला फोन १८८ वर, म्हणजे ग्राहक तक्रार केंद्राला. आयुर्विमा संघ आणि बँक संघ या दोन्हींकडे न्यायालयाबाहेर तडजोड करून देणारी मंडळे आहेत. 'होतेरासु' या सरकारी कायदा-मदत केंद्रात इंग्रजीसह अनेक भाषांत माहिती मिळते.

भारतातल्या कर्जासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : गृहकर्जाला आयुर्विमा घ्यायलाच हवा असा कायदा नाही. पॉलिसी हातात आल्यावर ती परत करण्याची मुदत २०२४ पासून ३० दिवस आहे. ती गेली तरी आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज. मुंबईत आणि पुण्यातही कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. बँकेच्या वागण्याबद्दल रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

आमचे काय झाले

आम्ही लोकपालाकडे गेलो. अर्जात रागाचे शब्द काढून टाकले आणि चार मुद्दे ठेवले : कर्ज वीस वर्षांचे असताना पाच वर्षांचा विमा, दोन कर्जदार असताना एकालाच संरक्षण, प्रकृतीच्या उत्तरांवरचे परके हस्ताक्षर आणि हप्ता कर्जात मिळवल्याचे कुणी सांगितले नाही हे. प्रत्येक मुद्द्याला कागद जोडला. २०१९ सालची एक ई-मेल फार उपयोगी पडली. तिच्यात आम्ही विचारले होते, "ही १.६ लाखांची रक्कम कसली?" आणि उत्तर होते, "प्रोसेसिंगमध्ये येते, काळजी करू नका."

सुनावणीच्या आधीच कंपनीने तडजोडीची तयारी दाखवली आणि २०२३ मध्ये १ लाख ६० हजार परत दिले. त्यावर चार वर्षे भरलेले व्याज मिळाले नाही. ते बँकेकडे मागितले, बँकेने नकार दिला. पुढे लढावे की नाही यावर आमच्या घरात दोन मते होती आणि शेवटी आम्ही तिथे थांबलो. हा निर्णय बरोबर होता असे छातीठोकपणे सांगत नाही.

पैशापेक्षा एक गोष्ट आमच्या मनाला लागली. २०१९ ते २०२२ या काळात आमच्यापैकी एकाचे काही बरेवाईट झाले असते, तर दुसऱ्याला वाटत होते की 'कर्जाला विमा आहे'. पण ज्याचा विमा नव्हता तो गेला असता तर मागे कर्ज जसेच्या तसे राहिले असते. आणि ज्याचा होता तो गेला असता, तर त्या परक्या खुणांवर बोट ठेवून दावा नाकारला गेला असता, कारण एक उत्तर खरोखरच चुकीचे होते.

म्हणून या शनिवार-रविवारी एवढेच करा. इथले आणि तिथले, दोन्हीकडच्या कर्जाचे कागद एकत्र बसून काढा. विमा आहे का, कुणाच्या नावावर, किती वर्षांचा, हप्ता कुठून गेला आणि पैसे कुणाला मिळणार, ही पाच उत्तरे एका कागदावर मराठीत लिहा आणि तो कागद कुठे ठेवला हे दोघांनाही माहीत असू द्या. काही खटकले तर आजच तारीख घालून पत्र लिहा.